९ मिमी पुंगळ्या: वंगण आणि सायझिंगचा टप्पा

वेगवेगळ्या छापांच्या, गोळीबाराच्या रेंजवरून वेचलेल्या ९ मिमीच्या (९×१९) रिकाम्या काडतुसांच्या पुंगळ्या निवडून आणि स्टीलच्या पिनांसोबत ओल्या टम्बलरमध्ये धुऊन झाल्या आहेत. आता वंगण लावायचं आणि डायमधून, म्हणजे पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून, काढायच्या. यालाच सायझिंग म्हणतात. ही नोंद अमेरिकेतल्या, स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग (रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणं) करणाऱ्यांसाठी आहे. भारतात शस्त्र कायदा, १९५९ लागू आहे, तिथे परवान्याशिवाय काडतूस भरायला घेऊच नये.

पहिला प्रश्न नेहमीचाच: डायमध्ये कठीण, गुळगुळीत कार्बाइडची कडी असताना वंगण कशाला? सरळ भिंतीच्या .३८ स्पेशल किंवा .४५ एसीपी या काडतुसांना ते नसलं तरी चालतं, हे खरं आहे. ९ मिमी मात्र निमुळती आहे, बुडाकडे ०.३९१ इंच आणि तोंडाशी ०.३८०. कार्बाइडची कडी खाली सरकत जाते तसं पितळ जास्त जास्त दाबलं जातं आणि शेवटच्या पाव इंचात प्रेसचं हँडल जड होतं. त्यात पिनांनी धुतलेल्या पुंगळीवर काजळीचा थरही उरलेला नसतो. असं लख्ख पितळ कोरडंच कडीला घासलं की करकरतं, चिकटतं. म्हणून थोडं वंगण लावावंच, पण थोडंच.

मिश्रण साधं आहे: द्रवरूप लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) १ भाग, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ भाग. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं घेऊ नये, त्यातल्या पाण्यामुळे लॅनोलिन नीट विरघळत नाही आणि गुठळ्या राहतात. लॅनोलिनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर ते सहज ओतता येतं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, हीटर नको.

झाकणाच्या डब्यात दोनशेक पुंगळ्या, बाटली हलवून चार-पाच फवारे, मिनिटभर घोळवणं, मग ट्रेमध्ये पसरून दहा मिनिटं वाळवणं. हे वाळवणं टाळू नये. अल्कोहोल ओलं असेपर्यंत लॅनोलिनचा थर धरत नाही, आणि अडकलेल्या बऱ्याच पुंगळ्यांचं मूळ याच घाईत असतं. प्रमाण बोटाला कळतं. लाडू वळून हात पुसल्यावर जेवढा ओशटपणा राहतो, तेवढाच पुंगळीवर हवा. चकाकणारा ओला थर दिसला तर जास्त झालं. डब्ल्यूडी-४० इथे वापरू नये. एवढ्या दाबाखाली त्याचा थर टिकत नाही आणि आत राहिलेलं तेल पुढे प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टिकली) निकामी करू शकतं.

डाय लावताना शेल होल्डर (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा भाग) पूर्ण वर न्यावा, डाय त्याला टेकेपर्यंत फिरवावी आणि मग कागदाच्या जाडीइतकी मागे घ्यावी. स्टीलची डाय घट्ट टेकवली तरी चालते, पण कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ असतं आणि दर झटक्याला आदळलं तर कडीला तडा जातो. प्रायमर काढणारी पिन डायच्या तोंडाबाहेर साधारण ३/१६ इंच ठेवावी. भरलेलं काडतूस सायझिंग डायमध्ये कधीही घालायचं नाही.

हँडलकडे लक्ष असू द्यावं. मध्येच अचानक जोर लागला तर रेटू नये, पुंगळी बाहेर काढून आत पाहावं. .३८० या दुसऱ्या, आखूड काडतुसाची पुंगळी या ढिगात हमखास मिसळते. ती ०.६८० इंचाची असते, तर ९ मिमीची कमाल लांबी ०.७५४. आत मधोमध एकाच्या जागी दोन छोटी भोकं दिसली तर ती बर्डन या वेगळ्या बनावटीच्या प्रायमरची, तिथे पिन मोडते. बुडावर वर्तुळात '+' असं नाटोचं चिन्ह असेल तर प्रायमर कडेने दाबून बसवलेला असतो. तो निघतो जोराने, आणि नंतर खाचेची कड कापावी लागते. आतल्या भिंतीला पायरी असलेल्या पुंगळ्या सरळ भंगारात टाकाव्यात. त्या पायरीपाशीच तुटतात.

पुंगळी अडकलीच तर डाय प्रेसवरून उतरवून पिनेचा दांडा काढावा आणि वरून पितळी सळईने ठोकावं. प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी उभा ओरखडा येत असेल तर कडीवर पितळ चिकटलंय किंवा खडा रुतलाय. डाय सॉल्व्हंटने पुसून मगच पुढे जावं.

सायझिंगनंतर, नवा प्रायमर बसवण्याआधी, मक्याच्या कणसाच्या भुशात पंधरा-वीस मिनिटं फिरवून वंगण काढून टाकायचं. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागचा धक्का वाढतो. फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत जाण्याचं भोक) भुशाचा कण अडकला नाही ना, हे एकेक बघावं. या भुशात अमोनियाचं पॉलिश नको. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना तडकायची. त्याचं कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हे १९२१ साली उलगडलं. इंग्रजीत या तडकण्याला आजही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा.

जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. ट्रे पुसायला ओलं फडकं घ्यावं, हात साबणाने धुवावेत आणि तोवर खाणं लांब ठेवावं.

आता प्रत्येक पुंगळी केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायचं साधन) टाकून बघायची. बूड वर राहिलं तर शेल होल्डरलगतचा फुगवटा डायखाली गेलेलाच नाही. अशी पुंगळी आणखी एकदा पूर्ण झटका देऊन काढावी, आणि तरीही बसली नाही तर बाजूला ठेवावी.