कोरियन युद्धाचे सिनेमे दाखवताय? मग लढाई शेवटी ठेवा

साताऱ्यात किंवा सांगलीत चार जण जमून कोरियन युद्धावरचे सिनेमे दाखवायचं ठरवतात, तेव्हा पहिलं नाव हमखास ‘तेगुकगी’चं निघतं. 2004 चा सिनेमा, दोन भाऊ, तोफा आणि भरपूर रक्त. साताऱ्याकडे तर गावोगाव फौजी घरं, अपशिंग्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलेलं, त्यामुळे गर्दीची चिंता नाही. पण सुरुवात तिथून केली की पुढच्या आठवड्यात घरातल्या, बाजारातल्या, कचेरीतल्या गोष्टी लोकांना संथ वाटू लागतात. कोरियन सिनेमातलं युद्ध खरं मुरलंय ते तिथेच. म्हणून क्रम उलटा लावा.

पहिल्या रविवारी ‘ओबाल्तान’ लावा. दिग्दर्शक यू ह्युन-मोक, साल 1961. लढाई एकही नाही. सेऊलमधल्या हेबांगचोन या निर्वासितांच्या वस्तीत उत्तर कोरियातून आलेलं एक कुटुंब राहतं. थोरला मुलगा कारकून आहे. त्याचा दात ठणकतोय, पण पगारात दवाखाना बसत नाही. भ्रमिष्ट झालेली म्हातारी आई अंथरुणातून मधूनच ओरडते, ‘चला!’ तिला उत्तरेतल्या घरी जायचंय आणि तो रस्ता बंद आहे. धाकटा भाऊ लष्करातून सुटून बेकार फिरतोय. बहीण अमेरिकन सैनिकांच्या मागे लागून पैसे कमावते. शेवटी दात उपटले जातात खरे, पण ते पैसे बहिणीनं वहिनीच्या बाळंतपणासाठी दिलेले असतात आणि आता त्या खर्चाची गरजच उरलेली नसते. दिग्दर्शक यावर एक शब्द बोलत नाही. चर्चा नेमकी या जागेवरून सुरू करा.

मे 1961 च्या लष्करी उठावानंतर या सिनेमावर बंदी आली. मूळ निगेटिव्ह टिकली नाही. 1963 साली सॅन फ्रान्सिस्को महोत्सवाला गेलेली प्रत वाचली. तिच्यात इंग्रजी अक्षरं चित्रातच छापलेली होती, म्हणून जुन्या प्रती बघवत नाहीत. कोरियन फिल्म अर्काइव्हच्या यूट्यूब चॅनेलवर जुने कोरियन सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह फुकट आहेत, आधी तिथे शोधा. तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला हक्कदाराची परवानगी लागते. घरचं ओटीटी खातं सभागृहात चालवू नका.

सबटायटल्सचा घोळ आधीच निस्तरून ठेवा. अक्षरं थोडी मागेपुढे असतील तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी 50-50 मिलिसेकंदांनी सरकवता येतात. पण सुरुवातीला जुळणारी अक्षरं मिनिटागणिक लांब जायला लागली, तर फाइल वेगळ्या फ्रेम-रेटची, म्हणजे सेकंदाला वेगळ्या संख्येनं चित्रं दाखवणाऱ्या प्रतीची आहे. 25 आणि 23.976 च्या फरकानं दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद, म्हणजे तासाभरात अडीच मिनिटांची तफावत पडते. तिथे कळा दाबून उपयोग नाही, बरोबर फाइलच आणावी लागते. दुसरी अडचण बर्फाची. पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं पुसून जातात, त्यात हॉलची भिंत पिवळट असेल तर बघायलाच नको. सेटिंगमध्ये अक्षरांमागे काळी पट्टी लावा.

दुसऱ्या रविवारच्या ‘ओड टू माय फादर’मध्ये हा बर्फ पहिल्या काही मिनिटांतच येतो. डिसेंबर 1950, हुंगनाम बंदर. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजावर प्रवाशांची सोय 12 जणांची, चढले सुमारे 14,000 निर्वासित. जाळीवरून वर चढताना पोराच्या पाठीवरची धाकटी बहीण निसटते आणि पुढचा सगळा सिनेमा त्या एका निसटण्याचा हप्ता फेडत राहतो: पश्चिम जर्मनीतल्या खाणी, मग व्हिएतनाम, मग 1983. त्या वर्षी केबीएस वाहिनीनं ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध सुरू केला. 138 दिवसांत 453 तास प्रक्षेपण झालं आणि 10,189 भेटी घडल्या. सिनेमा रडवतो, जरा जास्तच रडवतो. उतारा म्हणून इम क्वोन-तेक यांचा ‘गिल्सोत्तुम’ त्याला जोडून दाखवा. त्याच 1983 च्या शोधात एका सुखवस्तू बाईला तिचा मुलगा सापडतो. तो अडाणी आणि रांगडा निघतो आणि ती त्याला स्वीकारत नाही. दोन्ही एका बैठकीत जड होतील, मध्ये चहा ठेवा.

माणसांचा हिशेब लागत नसेल तर प्रत्येक पात्र 1950 साली किती वर्षांचं होतं, ते कागदावर मांडा. दहा वर्षांचा पोर 1983 ला त्रेचाळिशीत असतो, म्हणजे कमावता, दमलेला आणि घरात याबद्दल चकार शब्द न काढणारा. न बोलण्यामागे दुःखाइतकीच धास्तीही होती. भाऊ उत्तरेला गेला असेल तर दक्षिणेतल्या नातलगांना सरकारी नोकरी नाकारली जाई, पोलिसांची नजर राही. सिनेमावाल्यांचीही तीच गत. ली मान-ही या दिग्दर्शकाला 1965 मध्ये उत्तरेच्या सैनिकांना माणसासारखं दाखवल्याबद्दल अटक झाली. आधी सेन्सॉर मगच प्रदर्शन, ही पद्धत 1996 मध्ये दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. म्हणून पार्क चान-वूक यांचा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ 2000 साली येऊ शकला. तिसऱ्या रविवारी तोच लावा. उत्तर-दक्षिण सीमेवरच्या पानमुन्जोममध्ये चित्रीकरण अशक्य होतं, त्यामुळे अख्खी सीमाचौकी स्टुडिओत उभारली.

त्यातल्या तपास अधिकारी बाईचे वडील कोरियन युद्धकैदी. त्यांनी उत्तरही नको, दक्षिणही नको असं सांगितलेलं. अशा कैद्यांची राखण भारतीय फौजेकडे होती आणि तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तिसरा देश मागणारे 88 जण, त्यांत 76 कोरियन, 1954 मध्ये जहाजानं मद्रासला उतरले. सिनेमाआधी हे दोन मिनिटांत सांगा, नाहीतर तिच्या वडिलांच्या फोटोचा प्रसंग डोक्यावरून जातो.

आता लढाई. शेवटच्या रविवारी ‘तेगुकगी’ लावलात, तर धाकट्याच्या लढाईपेक्षा थोरल्याच्या होणाऱ्या बायकोकडे लक्ष द्यायला सांगा. धान्यासाठी तिनं एका यादीत नाव लिहिलेलं असतं आणि त्याच नावावर तिला दक्षिणेतले ‘आपलेच’ लोक कम्युनिस्ट समजून गोळी घालतात. माझं मत मात्र ‘द फ्रंट लाइन’ला. 2011 चा सिनेमा, सव्वादोन तास. 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधीच्या करारावर सह्या झाल्या सकाळी 10 ला, पण तो लागू होणार होता रात्री 10 ला. मधले 12 तास एका टेकडीसाठी हल्ला चालूच ठेवायचा हुकूम येतो. फौजेतल्या निवृत्तांना पुढच्या रांगेत बसवा. हा हुकूम का दिला गेला, यावर तेच नीट बोलतील, तेव्हा हॉल अर्धा तास जास्तीचा बुक करा.