लग्नाच्या बँडातून बिग बँडात, माझा अनुभव

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर आहे, म्हणजे लेथवाला, आणि लग्नसराईत संध्याकाळी बँडात सॅक्सोफोन वाजवतो, अल्टो. वीस-बावीस वर्षं झाली. वडील त्याच बँडात साइड ड्रमला होते त्यामुळे घरात वाजवणं होतंच, फक्त सूर लिहिलेला कागद नव्हता. आमच्यात कागदावर बघून कोणच वाजवत नाही. नवीन गाणं आलं की मास्तर क्लॅरोनेटवर दोनदा वाजवून दाखवणार, आपण उचलायचं, तिसऱ्या वेळेला थेट वरातीत.

गेल्या वर्षी आषाढात, म्हणजे सुपाऱ्या बंद असतात त्या दिवसांत, मास्तरांनी सांगितलं की मिलिटरी बँडातनं रिटायर झालेले एक सुभेदार साहेब कोल्हापुरात बिग बँड उभा करतायत, माणसं बघतायत, जाऊन ये. मला बिग बँड म्हणजे मोठा बँड एवढंच कळलं. म्हटलं आपला २५ जणांचा असतोय की, ह्यांचा किती मोठा?

ह्यांचा १७ जणांचा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रंबोन आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम. अमेरिकेत १९३५ ते ४५ च्या दरम्यान जी जॅझ नाचायला वाजायची ती अशा बँडांची. आपल्याकडेही मुंबईच्या ताजमध्ये तेव्हापासून असले बँड होते आणि त्यात गोव्याची पोरं भरपूर, कारण चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच नोटेशन शिकवलेलं असायचं. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी फक्त बाजाची पेटी उघडली, रीड म्हणजे तोंडाकडची वेताची पट्टी ओली केली आणि एका लावणीची चाल अशी वाजवली की शाळेच्या हॉलच्या काचा हलल्या.

साहेब म्हणाले, "झकास. आता हे वाजव," आणि स्टँडवर एक कागद ठेवला. पाच रेषा, त्यावर मुंग्या.

मी म्हटलं, "साहेब, एकदा वाजवून दाखवा की, लगेच उचलतो."

"आणि मी नसलो की कोण दाखवणार?"

झालं, घरी आलो. नापास. खरं सांगतो, राग आला होता. वीस वर्षं वाजवतोय, अर्ध्या कोल्हापूरच्या वराती काढल्यात, आणि हा माणूस मला कागदावरनं जोखतोय. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. काय काम करतोस विचारलं, टर्नर म्हटल्यावर म्हणाले, "मग ड्रॉइंग वाचतोस की नाही? जॉब न बघता नुसत्या ड्रॉइंगवरनं शाफ्ट काढतोस ना? हे पण ड्रॉइंगच आहे, सूर किती उंच आणि किती लांब एवढंच लिहिलंय. ये." हे वाक्य दुसऱ्या कुणी कुठल्याही भाषेत सांगितलं असतं तरी माझ्या डोक्यात शिरलं नसतं, ड्रॉइंग म्हटल्यावर शिरलं.

साहेब बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडात होते, शिकले पचमढीला, तिथे मिलिटरी म्युझिक विंग आहे, फौजेचे बँडवाले तिथेच तयार होतात. परेडला मार्च आणि रात्री ऑफिसर्स मेसमध्ये डान्स म्युझिक, दोन्ही त्यांनी केलेलं, त्यामुळे हातात शिस्त पण आहे आणि लचक पण.

वाचायला शिकवलं मात्र साहेबांनी नाही, पियानोवाल्या पोरीनं. कॉमर्सला आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या परीक्षा दिलेली, समोर काय पण ठेवा वाचते. पण आयुष्यात कुणाबरोबर वाजवलेलं नव्हतं, घरात एकटीच, त्यामुळे ड्रमवाला जरा इकडेतिकडे झाला की थांबायची. मी तिला म्हटलं थांबायचं नाही, वरातीत नवरदेवाचा घोडा उधळला तरी आम्ही थांबत नाही. आणि ती मला म्हणायची, "काका, सूर नंतर, आधी मोजा." एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं प्रत्येक बारचा, म्हणजे चार मात्रांच्या तुकड्याचा, नंबर पहिल्या मात्रेवर म्हणायचा. कारण मला वाटायचं अवघड म्हणजे सूर काढणं, पण माझ्या पानावर कधी १२ बार तर कधी १६ बार नुसतं गप्प बसायचं लिहिलेलं असायचं, आणि बँडवाल्याला गप्प बसायची सवय नसते हो. वरातीत तोंडातनं बाजा काढला की मालक विचारतो पैसे कशाचे घेतोस. लेथवर कट चालू असताना मी बार मोजायचो, बाजूचा पोरगा विचारायचा काय जप करताय काय.

पट्टीची भानगड वेगळीच. अल्टोवर सी या सुराची बोटं धरली की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनर (अल्टोपेक्षा मोठा सॅक्सोफोन) आणि ट्रम्पेटवर सी काढला की काळी पाच. म्हणजे पूर्ण बँडानं काळी पाच काढायची असेल तर ट्रम्पेटच्या कागदावर सी, माझ्या कागदावर जी, आणि ट्रंबोनच्या कागदावर बी फ्लॅट, ते पण ओळीच्या सुरुवातीला वेगळं चिन्ह असतं त्याखाली. आम्ही वर्षानुवर्षं हे कानानं जुळवत आलोय, कारण माहीत नव्हतं. कळल्यावर लई हलकं वाटलं, म्हणजे चुकत नव्हतो तर.

आणि डी.एस. नावाची एक गोष्ट असते. मध्येच मागच्या एका खुणेला परत जायचं, तिथून थोडं वाजवून कोडा नावाच्या खुणेला उडी मारायची. पहिल्यांदा सगळा बँड कोडाला पोचला आणि मी एकटाच मागच्या पानावर, आणि आपली सवय अशी की चुकलं तर अजून जोरात वाजवायचं. साहेबांनी हात खाली केला आणि नुसतं बघत राहिले.

जुलैमध्ये पाऊस असा लागला की पंचगंगा चढायला लागली. प्रत्येकाच्या मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा, ४३ धोका. चिखलीचा युफोनियमवाला (युफोनियम म्हणजे जाड आवाजाचा पितळी बाजा) दहा दिवस आलाच नाही, जनावरं हलवत होता. दमटपणानं माझ्या बाजाची चामडी पॅडं चिकटायची, जी शार्पचं तर हमखास, मग सिगारेटचा पातळ कागद मध्ये दाबून सुकवायचं. युफोनियमवाला म्हणालो ते खरंय, चार स्लाइड ट्रंबोन जमलेच नाहीत, दोन पोलीस बँडातले आणि उरलेल्या दोन जागी युफोनियम. जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत.

पार्ट, म्हणजे ज्याचा त्याचा कागद, मिळाला तो सेकंड अल्टोचा. मला पहिला पाहिजे होता, उघड आहे. घरी एकट्यानं वाजवला तर ही स्वयंपाकघरातनं म्हणाली, "हे काय रडगाणं?" आणि खरंच होतं, ना चाल ना काही, दोन-तीन सुरांत घुटमळत राहायचं. सहाव्या का सातव्या रिहर्सलला साहेबांनी बाकीच्यांना गप्प बसवून फक्त आम्हा पाच सॅक्सोफोनना वाजवायला लावलं. ताल सगळ्यांचा एक, सूर पाच वेगळे, वर पहिला अल्टो चाल घेतोय आणि खाली आम्ही चौघं चिकटून. माझा तो रडका सूर मध्ये बसला आणि, कसं सांगू, पेटीवर पाच बोटं एकदम दाबावीत तसा आवाज आला पण जिवंत. अंगावर काटा आला. तेव्हापासून पहिला पार्ट मागितला नाही.

मग सॅक्सोफोन काही म्हणणार, ट्रम्पेट उत्तर देणार, परत सॅक्सोफोन. साहेब म्हणाले ही रचना १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडात डॉन रेडमन वगैरेंनी बसवली. आम्ही म्हटलं सवाल-जवाब आहे की हा, भेदिक शाहिरीत दुसरं काय असतंय!

सगळ्यात जास्त वेळ स्विंगला गेला. दोन सूर कागदावर सारखे दिसतात पण वाजवायचे पहिला लांब, दुसरा आखूड, म्हणजे एका मात्रेचे तीन तुकडे करून दोन पहिल्याला आणि एक दुसऱ्याला, तिस्र जातीसारखं. आणि जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीनं पहिलीवर पडतो. ड्रमवाला ऑर्केस्ट्रातला, ऑक्टोपॅडवर वाढलेला, त्याला साहेबांनी महिनाभर फक्त झांज हळू वाजवायला लावली, बिचारा रडकुंडीला आला. सुटलं कसं तर आमच्या मास्तरांमुळे. ते एका रिहर्सलला बघायला म्हणून आले होते, म्हणाले अरे हा ठेका तर सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आहे, आपण लग्नात वाजवतोय की. आणि वाजवून दाखवला, बरोब्बर. साहेब हसले, म्हणाले असणारच, त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट होता, गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, ताजमध्ये जॅझ वाजवायचा. म्हणजे आमच्या पेठेतल्या बँडानं तीस-चाळीस वर्षं गल्लीबोळातनं जॅझ काढलीय आणि आम्हाला पत्ताच नाही.

मास्तरांना साहेबांनी तिथेच ठेवून घेतलं, टेनरला. वय ६८, कागद अजिबात येत नाही, शिकणार पण नाही म्हणाले. त्यांचा पार्ट ते शेजारच्याकडनं ऐकून दोन दिवसांत पाठ करायचे.

कार्यक्रमाची कागदपत्रं हा विषय थोडक्यात आवरतो. लाउडस्पीकरला पोलीस परवानगी, दहाच्या आत बंद, गाण्यांच्या हक्काचं लायसन्स, तीन-चार फेऱ्या, झालं. हॉलचा मात्र ताप झाला. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, त्या रात्री अर्धं गाव तिथे रडत उभं होतं, मी पण. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं ते. त्याचं काम चालू होतं, म्हणून दुसरीकडे एक हॉल धरला, त्यांनी आठ दिवस आधी तारीख दुसऱ्याला दिली आणि ॲडव्हान्ससाठी आम्हाला महिनाभर फिरवलं. शेवटी दसरा चौकात शाहू स्मारकला जमलं.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच पीसला स्टेजवरच्या पंख्यानं आमचे कागद उडवले. पियानोवाल्या पोरीची आई पळत जाऊन कुठूनतरी कपड्याचे चिमटे घेऊन आली, पुढचा पूर्ण कार्यक्रम लाल-हिरव्या चिमट्यांवर झाला. कोडाला मी वेळेवर पोचलो. ट्रम्पेटवाला एक बार आधी घुसला, पण अशा रुबाबात की लोकांना वाटलं तसंच आहे.

मास्तरांच्या पानाचं सांगायचं राहिलं. ड्यूक एलिंग्टन म्हणे पार्टवर वाद्याचं नाव न लिहिता वाजवणाऱ्याचं नाव लिहायचा, कारण तो त्या माणसासाठीच लिहायचा. साहेबांनी तसंच केलं, सगळे पार्ट हातानं लिहिलेले, माझ्यावर नुसतं 'टर्नर'. आणि मास्तरांचा कागद मी चिमटा लावताना बघितला, वर 'मास्तर' आणि खाली १६ बार पूर्ण कोरे.

ते १६ बार आले तेव्हा मास्तर उभे राहिले. सुरुवात त्यांनी वरातीत करतात तशीच केली, लांब मींड घेऊन खालनं वर, आणि मग थांबले. चांगले दोन बार काहीच नाही, फक्त झांज आणि बास. मला वाटलं विसरले. मग असं काही आलं की सांगत बसत नाही, मागच्या रांगेत आमच्या बँडाची पोरं होती त्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि टाळ्या पहिल्या मात्रेवर पडत होत्या तरी साहेबांनी कुणाला काही म्हटलं नाही. १६ चे ३२ झाले. आम्ही सगळे मोजत बसलेलो, साहेबांचा हात वरच.

खाली बसताना मास्तरांनी मला हळूच विचारलं, "लई झालं काय रं?"

आता लग्नसराई चालू आहे त्यामुळे सगळं बंद, आषाढात परत सुरू. युफोनियमच्या जागी दोन स्लाइड ट्रंबोन पाहिजेत. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा पडून असेल तर विचारा, पोचा पडलेला असला तरी चालेल, पोचा मी काढतो.