पंधरा मिनिटांसाठी

सोमवार, रात्री उशिरा

ती आज दुपारी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली. तिचं नाव लिहीत नाही. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधली नावं बाहेर न्यायची नाहीत हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि रोजनिशी हीसुद्धा मी बाहेरचीच जागा धरते. असेल तिशीची. शेवटचं पिणं काल रात्रीचं, म्हणजे आता चोवीस तास होत आले. हातांना कंप, कपाळावर घाम, कूस बदलून बदलून चादरीचा नुसता बोळा झालेला.

मी पाणी नेलं. ग्लास अर्धाच भरला होता. अशा हातांत भरलेला ग्लास देऊ नये. ओठांपर्यंत जाण्याआधीच पाणी अंगावर सांडतं आणि सांडल्याची लाज वाटते. घरदार, नोकरी, नाती सगळ्यांची वाताहत झालेली असते, तरी त्या एवढ्याशा पाण्याची लाज वाटतेच. मला वाटली होती. तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी काही न बोलता रुमालाने माझी हनुवटी पुसली आणि पुढच्या वेळी ग्लास अर्धा भरून आणला. त्याच माझ्या मावशी, म्हणजे माझ्या स्पॉन्सर, आधी दारू सोडलेली आणि नव्या बाईला हात धरून चालवणारी सोबतीण. माझी दारू सुटून सहा वर्षं झाली, मावशींची बावीस.

तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला. मी खालून नुसती बोटं लावून ठेवली. काच तिच्या दातांवर टकटक वाजत होती. दोन घोट झाल्यावर तिने विचारलं, "ताई, तुम्हालाही असं झालं होतं?"

"हो."

"मग थांबलं कधी?"

"चौथ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने केस विंचरले."

तिने डोळे मिटले. एवढं तिला पुरलं असावं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत, थायमिनचं इंजेक्शनही झालं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात हे बी१ जीवनसत्त्व फार कमी उरलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याची भीती असते. पुढे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, रात्र की दिवस ते कळत नाही. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणूनच रोज भरपूर पिणारं कुणी "उद्यापासून घरच्या घरी एकदम बंद करणार" असं सांगतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्या निश्चयाला मी नावं ठेवत नाही. फक्त तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडा, असं हात जोडून सांगते.

गुरुवार

आज कंप बराच कमी. ती उठून खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, "तुम्ही बऱ्या झालात ना, मग इथे परत परत कशाला येता? मी तर इथून सुटले की या रस्त्यालाही फिरकणार नाही."

मी तिला अॅक्रनची गोष्ट सांगितली. मला मावशींनी सांगितली होती, त्यांना आणखी कुणी.

१९३५ चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकटाच उभा, आणि बारमधून माणसांचे आवाज कानावर येत होते. एक पेग घेतला तर काय होईल, हा विचार मनात आला आणि तो घाबरला. तिथे चर्चची यादी लावलेली होती. ती बघून त्याने फोन करायला सुरुवात केली. दारूपायी हैराण झालेल्या एखाद्या माणसाची मला गाठ घालून द्या, एवढंच त्याचं मागणं. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी. हे सर्जन होते, आणि दारूने पार खिळखिळे झालेले. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं ते घरून बजावूनच आले होते. दोघं उठले तेव्हा काही तास उलटून गेले होते.

"म्हणजे त्या बिलने डॉक्टरला वाचवलं," ती म्हणाली.

सगळे असंच ऐकतात. पहिल्यांदा मीही तसंच ऐकलं होतं. पण फोन केला तेव्हा बुडत होता तो बिल. त्याआधीचे कित्येक महिने तो न्यूयॉर्कमध्ये दिसेल त्या दारुड्यामागे लागून उपदेश करत होता आणि एकही जण टिकला नव्हता. तो निराश झाला, तेव्हा बायको लोइसने त्याच्या लक्षात आणून दिलं, की त्यांच्यापैकी कुणी राहिलं नसेल, पण तू तर पिण्यावाचून राहिलास ना?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी तुमचं औषध आहे?"

"आहेस."

इतकं खरं उत्तर देताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. मी इथे येते ती उपकार करायला नाही. तिच्या हातांचा कंप बघितला की माझ्या हातांना त्यांचा कंप आठवतो. हे आठवणं मला जन्मभर पुरवून वापरायचं आहे, आणि ते घरी बसून होत नाही. मन फार लबाड असतं. सहा वर्षांत त्याने त्या दिवसांतलं सगळं कडू गाळून टाकलं आणि मैफली तेवढ्या ठेवल्या. पिणाऱ्या बाईला तर आणखीच कठीण, कारण आमच्यातल्या कितीतरी जणींच्या मैफली नव्हत्याच. बाथरूमची कडी होती आणि कपाटात कपड्यांमागे ठेवलेली बाटली होती. तरी मन तिथेही काहीतरी गोड शोधून काढतंच.

साधारण पाच आठवड्यांनी, रविवार

ती तीन आठवड्यांपूर्वी घरी गेली. रोज फोन करायची. परवापासून फोन नाही. आज तिच्या बहिणीचा आला. स्लिप झाली, म्हणजे ती पुन्हा प्यायली.

माझ्या मनात आधी काय आलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते बदलून टाकीन. आधी राग आला. माझ्या एवढ्या रात्री, एवढं बोलणं, आणि तिने असं करावं? आणि रागाच्या पाठोपाठ, इतक्या हळू की आधी कळलंच नाही, दुसरी गोष्ट आली. एवढं करून शेवटी हेच होणार असेल तर मी तरी कशासाठी धरून बसले आहे? घशात ती जुनी कोरड. सहा वर्षांनी.

मावशींना फोन केला. त्यांनी तिची चौकशी केलीच नाही. विचारलं, "तू शेवटची मीटिंगला कधी बसलीस?"

मी म्हटलं, गेल्या आठवड्यात मीच तर चालवली.

"चालवलीस. मी बसलीस कधी ते विचारतेय."

मला आठवेना. दाखल झालेल्या बायका, त्यांच्या घरच्यांचे फोन, रात्रीची राखण, या सगळ्यात मी पाच आठवडे कुणाच्याही समोर स्वतःबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. झोप अर्धवट. वेळी-अवेळी जेवण. भूक, राग, एकटेपण आणि थकवा ही चार माणसं दाराशी आली की सावध व्हायचं, हे मी प्रत्येक नवीन बाईला शिकवते. माझ्या घरात चौघं कधीची येऊन बसली होती. मला ती दिसली नाहीत, कारण मी दुसऱ्यांच्या दारावर पहारा देत होते.

मदत करणाऱ्याचं स्वतःचं भलं होतं, हे खरंच आहे. फ्रँक रीसमन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे तत्त्व म्हणून मांडलं. पण ती मदत मी लपायला वापरली. पूर्वी बाटलीमागे लपायचे, आता दुसऱ्यांच्या बाटल्यांमागे. ओळखायला फार कठीण, कारण या वेळी सगळे माझं कौतुक करत होते.

मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी ये. मागच्या खुर्चीत बस. आणि तिच्याकडे एकटी जायचं नाही, कळलं? दोघी जाऊ."

हा जुना नियम आहे. पिऊन असलेल्या माणसाकडे एकट्याने जायचं नाही. मी तोही विसरले होते. पायात चपला घालूनच तर मी फोन लावला होता.

रविवार, मध्यरात्र

संध्याकाळी मीटिंगमध्ये सांगितलं, जसं आहे तसं. "मी व्यसनी आहे. आज मला प्यावंसं वाटलं." गेली दोन वर्षं ज्यांना मी धीर देत होते त्यातल्या तिघी समोर होत्या. त्यांच्यासमोर हे बोलताना आवाज फुटला. कुणी काही सल्ला दिला नाही. त्यातल्याच एकीने उठून पाणी आणून दिलं.

मग आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. ती जिन्यात बसली होती, खालून तिसऱ्या पायरीवर, तोंड गुडघ्यांत घालून. मावशी बहिणीशी बोलायला वर गेल्या. मी तिच्या शेजारी बसले. वास येत होता. मी श्वास धरला नाही, सोडत राहिले.

"माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली.

"बरं."

बऱ्याच वेळाने म्हणाली, "सगळं वाया घालवलं मी."

मी तिला अॅक्रनच्या गोष्टीतला उरलेला भाग सांगितला, त्या दिवशी राहून गेला होता तो. डॉक्टर बॉबही त्या भेटीनंतर पिऊन आले होते. वैद्यकीय परिषदेला म्हणून गेले ते झिंगून परतले. पुढे शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते थांबावेत म्हणून बिलने स्वतः त्यांना बियर दिली. ते त्यांचं शेवटचं पिणं. १० जून १९३५. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात त्याच दिवसापासून मोजतात.

"पहिल्या भेटीपासून नाही?" तिने मान वर केली.

"नाही."

वरून मावशींनी हाक मारली. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, आत्ताच घेऊन या म्हणाले होते. ती उठायला गेली आणि कठड्यावरचा हात निसटला. मी माझा पुढे केला. तिचा कापत होता. माझाही थोडा कापत होता, आणि ते तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पकड जरा घट्ट केली.