हिटरचा पाईप तिसऱ्यांदा फुटला तेव्हा

गेल्या श्रावणात करूळ घाट चढताना आमच्या पिकअपचा हिटरचा पाईप, म्हणजे इंजिनचं गरम पाणी केबिनच्या हिटरकडे नेणारा रबरी पाईप, वर्षात तिसऱ्यांदा फुटला. बॉनेटमधून वाफ आली, तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाऊण तास थांबलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आतलं पाणी उकळत तोंडावर येतं, तेव्हा तिथं घाई नाहीच. गार झाल्यावर फुटलेला भाग कापून क्लिप आवळली, पाणी भरलं आणि गगनबावडा गाठला.

गाडी 2004 ची, डिझेल, बिनएसीची. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून कांदा-बटाटा भरायचा आणि वैभववाडी, कणकवलीला उतरवायचा, हा आमचा धंदा. आधीच्या मिस्त्रींनी प्रत्येक वेळी नवा पाईप घातला, आणि दोन-चार महिन्यांत तो त्याच जागी गेला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "हिटर काढूनच टाकू की. दोन्ही तोंडं एका पाईपनं जोडतो, कटकट मिटली."

तसं पुष्कळजण करतात आणि इंजिनाचं त्यानं काही अडतही नाही. पण गगनबावड्याच्या अलीकडचं असळज गाव सोडलं की पावसात काचेवर आतून जी वाफ धरते, ती बिनएसीच्या गाडीत हिटरच्या गरम वाऱ्यानंच जाते. एका हातात फडकं आणि एका हातात स्टेअरिंग धरून घाट उतरायचा नाही, हे मी ठरवलेलं होतं.

म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी बॅटरी मारून दहा मिनिटं नुसतं बघितलं. डावीकडची मॅट उचलून खाली हात फिरवला. कोरडी होती. केबिनला गोडसर वास नव्हता, काचेवर तेलकट थरही नव्हता. म्हणजे डॅशबोर्डमागचा हिटरचा छोटा रेडिएटर शाबूत. मग त्यांनी फुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. "ह्यो फुटल्याला न्हाई भावा, घासल्याला हाय. बोट लाव."

बोट लावलं. एका बाजूनं रबर कातरल्यासारखं झिजलं होतं, आतले दोरे दिसत होते. आणि बरोबर त्या उंचीवर इंजिनच्या लोखंडी पट्टीची कड घासून चकचकीत झालेली. कधीतरी इंजिनचं काम झालं, तेव्हा पाईप धरून ठेवणारी रबरी क्लिप काढली गेली आणि परत बसलीच नाही. पाईप त्या कडेवर पडून राहिला. इंजिन खालच्या रबरी फाउंडेशनवर हलतं, बॉडी जागेवर असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला करवत चालल्यासारखी ती कड चालत होती.

दुसरी चूक पाईपच्या जातीत होती. मीटरवर मिळणारा सरळ पाईप वाकवून घातला होता. वळणावर तो चपटा व्हायचा, पाणी अडायचं, आणि तोंडावर तिरका ताण येऊन क्लिपपाशी पाझरायचं. तिथं हिरवट पांढरी पापडी धरली होती. इंजिनच्या हेडकडून येणारा पाईप चटका देणारा आणि वॉटर पंपाकडे परत जाणारा जेमतेम कोमट का लागायचा, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना काम धरलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, कॅनमध्ये काढलं आणि कॅन झाकून ठेवला. ते चवीला गोड असतं आणि विषारी. गल्लीतलं कुत्रं चाटलं तर मरतं. जुना पाईप मिस्त्रींनी ओढला नाही, ब्लेडनं उभा चिरून सोलला. हिटरची पितळी नळी मऊ असते, ओढाताणीत वाकली तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मग त्यांनी जाड वायरचा तुकडा घेतला आणि पाईप जसा जायला हवा तसा वाकवला: पट्टीपासून लांब, सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर, इंजिन हलेल म्हणून थोडा ढिला. ती वाकडी वायर घेऊन मी दुकानात गेलो आणि तसंच वळण असलेला साच्यातला पाईप जुळवून आणला. नळी बारीक पॉलिश पेपरनं घासली. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवली, पुढे नाही. फार आवळलीही नाही, कारण क्लिपची पट्टी रबर कापते. आणि मधोमध, बॉडीवरच्या जुन्या भोकात, ती हरवलेली रबरी क्लिप नवी घातली. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती.

भरताना गाडीचं तोंड चढावर केलं, हिटरची मूठ पूर्ण गरमवर ठेवली. तसं केलं नाही तर हिटरमध्ये हवा धरते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. इंजिन चालू ठेवून पाईप दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. पातळी उतरली तसं आणखी घातलं. शेवटी हातपंपानं रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या 0.9 बारपर्यंत दाब दिला. दहा मिनिटं पंपाचा काटा हलला नाही. "एक फेरी मारून ये, गार झाल्यावर क्लिपा परत आवळू," मिस्त्री म्हणाले. रबर एकदा तापून गार झालं की बसतं, म्हणून.

पुढच्या आठवड्यात गगनबावड्यात तसाच पाऊस होता. हिटर चालू केला. काच खालून साफ होत वर आली, आधी वायपरच्या मुळाशी, मग हातभर, मग पूर्ण. परतताना वाटेतल्या कळे गावात थांबून, गाडी निवल्यावर, बॉनेट उघडलं आणि क्लिपेखाली बोट फिरवलं. कोरडं होतं.