मोटर चाकात की पायडलपाशी? यवतेश्वर घाटासाठी केलेली निवड

माझी शाळा यवतेश्वर घाट चढून गेल्यावर, कासच्या रस्त्यावरून थोडं आत एका वस्तीवर आहे. राहायला मी साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या खालच्या अंगाला. अंतर फार नाही, पण त्यातला बराचसा भाग चढाचा. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी लोक लांबून येऊन ज्या घाटात हौसेने धावतात, तो माझा कामाचा रस्ता. बामणोलीकडच्या एस.टी.चं आणि शाळेच्या वेळेचं जमत नाही. स्कूटर मिस्टर एमआयडीसीत घेऊन जातात. त्यात डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल सांगितलेलं, "जोर लावू नका, पण पाय हलते ठेवा." दुसरी स्कूटर घेतली असती तर पाय हलले नसते आणि साधी सायकल घाटात गुडघ्याने चढू दिली नसती. म्हणून इलेक्ट्रिक सायकल, इथपर्यंत घरात एकमत झालं. मोटर कुठे असावी यावर मात्र बरेच आठवडे गेले.

मोटर बसवायच्या जागा मुळात दोन. एक चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हब मोटर. दुसरी पायडलच्या दांड्याजवळ, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, ज्यावर पायडलचा दांडा फिरतो त्या भागाच्या) जागी, म्हणजे मिड-ड्राइव्ह. हब मोटर थेट चाक फिरवते, चेनशी आणि गिअरशी तिचा काही संबंध नाही. मिड-ड्राइव्ह चेन ओढते, म्हणजे आपण पाय मारतो ती ताकद आणि मोटरची ताकद एकाच रस्त्याने, गिअरमधून चाकाला जाते. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींत मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर असते. ती स्वस्त पडते, बसवायला सोपी आणि सपाट रस्त्याला उत्तम.

कायद्याची बाजू आधी पाहून घेतली, कारण इंटरनेटवर साध्या सायकलला लावायचे ७५० आणि १००० वॉटचे मोटर किट राजरोस विकायला असतात. मोटरची तीस मिनिटांची ताकद ०.२५ किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती मोटार वाहनात धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. शाळेत मुलांना रस्त्याचे नियम शिकवायचे आणि आपण बिनपरवाना हजार वॉट पळवायचे, हे मला जमणारं नव्हतं. त्यामुळे पाव किलोवॉटमध्येच घाट बसवायचा होता, आणि त्यामुळेच मोटर कुठे बसवायची याला एवढं महत्त्व आलं. ताकद हवी तेवढी घेता आली असती तर दोन्हींपैकी कुठलीही चालली असती.

माझी एक सहकारी माहुलीच्या पुलापलीकडे सपाट रस्त्यावरच्या शाळेत आहे. तिच्याकडे हब मोटरची सायकल होती. ती मागून घेतली आणि एका रविवारी घाटात नेली. सुरुवातीचा चढ तिने मजेत काढला. पुढे वळणांवर चढ वाढला, वेग उतरत ताशी नऊ-दहावर आला, मोटरचा आवाज जड झाला. बंद नाही पडली. मी पाय मारत होते, तीही ओढत होती. वर थांबून मागच्या हबला हात लावला तर फार वेळ ठेववेना.

घरी आल्यावर कागद घेऊन बसले. माझं, सायकलचं आणि दप्तराचं वजन मिळून ९५ किलो धरलं आणि चढ आठ टक्के. म्हणजे नुसतं गुरुत्वाकर्षण साधारण ७५ न्यूटनने मागे ओढणार. २६ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३३ सेंटीमीटर, म्हणजे चाकाच्या अक्षावर २५ न्यूटन-मीटरचा पिळा (टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर) हवा. हब मोटरवर ४० न्यूटन-मीटर असं लिहिलेलं होतं. कागदावर भरपूर झालं! पण मोटरचा पिळा विजेच्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. पिळा दुप्पट हवा असेल तर उष्णता चौपट. हब मोटरला वेग कमी झाला तरी चढाला लागणारा पिळा द्यावाच लागतो, तिच्या हातात बदलता येणारा गिअर नाही. शिवाय हळू चढलं की तेवढाच घाट जास्त वेळ चालतो आणि उष्णताही तेवढा जास्त वेळ साठत राहते. आतले नायलॉनचे छोटे गिअर आणि तारांचं वेटोळं सगळं बंद डब्यात असतं, त्यामुळे ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. महिन्यातून एकदा कास बघायला जाणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. मला हाच घाट कामाच्या दिवसांना चढायचा होता.

मिड-ड्राइव्हचं गणित वेगळं निघालं, आणि मला त्यात एक गोष्ट सापडली जी कुठल्या दुकानदाराने सांगितली नव्हती. मोटरवर लिहिलेले ८० न्यूटन-मीटर हे पायडलच्या दांड्यावरचे असतात. पुढे ४२ दात्यांचं चेन व्हील आणि मागे ३४ दाते असतील तर चाकाशी सुमारे ६५ पोचतात. माझे २५ काढायला मोटर निम्म्यापेक्षाही कमी जोरावर चालेल. पण हीच सायकल मागच्या १४ दात्यांवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर ठेवली, तर चाकाशी पोचतात फक्त २७ च्या आसपास. हब मोटरपेक्षाही कमी! म्हणजे मिड-ड्राइव्ह मुळातच ताकदवान असते वगैरे काही नाही. गिअर बदलणाऱ्यालाच ती ताकदवान. ज्याला गिअर बदलायचा कंटाळा आहे त्याने तिच्यावर पैसे घालू नयेत, हे माझं ठाम मत झालं.

सायकलवाले काका हे गणित न करताच तिथे पोचले होते. "बाई, मोटर कुठंही लावा, चढाला गिअर टाकावाच लागतो की. तिला नाय टाकता येत, तर तुम्ही टाका."

मधल्या काळात लोकांच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, उतारावर आपोआप चार्ज होते का? बहुतेक हब मोटरींच्या आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, उताराला मोटर सुटी होते, चार्जिंगचा प्रश्नच येत नाही. मिड-ड्राइव्हमध्येही फ्रीव्हीलमुळे तसंच. आतल्या गिअरशिवायची जी जड हब मोटर असते तिच्यात हे होऊ शकतं. पण आकडा पाहा: ९५ किलो वजन चारशे मीटर उंच न्यायला लागते साधारण १०४ वॉट-तास ऊर्जा. उतरताना तीतली काही हवेत जाते, काही ब्रेकमध्ये, उरलेल्यातून मिळून मिळणार किती? आणि त्यासाठी चार-पाच किलोची मोटर रोज घाटाने वर न्यायची.

दुसरा मुद्दा पंक्चरचा. परदेशातले व्हिडिओ पाहिले तर मागची हब मोटर म्हणजे पंक्चर काढताना डोकेदुखी, कारण वायर सोडवा, मोठे नट सोडा, चाक काढा. आपल्याकडचा पंक्चरवाला चाक काढतोच कुठे? सायकल आडवी करतो, टायरची एक कड उचकतो, ट्यूब बाहेर ओढतो, घासतो, ठिगळ लावतो. ट्यूब बदलायचीच असेल तेव्हा चाक काढावं लागतं. त्यामुळे हा मुद्दा मी खोडून टाकला. उलट हबच्या बाजूने एक मुद्दा खरा आणि मोठा आहे. घाटात चेन तुटली तर हबवाला थ्रॉटलवर, स्कूटरसारखी मूठ पिळून, घरी येतो, मिड-ड्राइव्हवाला सायकल ढकलत येतो.

पुढच्या चाकात हब लावा, स्वस्तात होईल, असंही एकाने सुचवलं. चढावर वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं. पावसात घाटात शेवाळ आणि पालापाचोळा. नको.

मग पुण्याला जाऊन मिड-ड्राइव्ह चालवून पाहिली. दोन प्रकार मिळाले. एकात पायडल फिरतंय एवढंच मोटरला कळतं. पाय हलले की ती ढकलते, थांबले की क्षणभराने थांबते. दुसऱ्यात पाय किती जोराने दाबला हे मोजलं जातं आणि त्या प्रमाणात मदत येते. गुडघ्यासाठी पहिला प्रकार बरा असं आधी वाटत होतं, कारण जोर न लावताही मदत मिळते. चालवल्यावर मत बदललं. पहिल्या प्रकारात गिअर टाकताना मोटर ओढतच होती, चेन दाते बदलताना असा आवाज झाला की दुकानातला मुलगाच कसनुसा झाला. ब्रेक किंचित दाबून मोटर तोडायची, मग गिअर टाकायचा, असं त्याने शिकवलं. त्यासाठी वेगळा सेन्सरही मिळतो. दुसऱ्या प्रकारात पाय हलका केला की मोटरही हलकी, गिअर अलगद पडतो. वळणावर मागे एस.टी. आणि पुढे दरी असताना सायकलने स्वतःहून उसळी मारू नये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. हलका गिअर असेल तर गुडघ्यावर दाब फारसा येतही नाही.

तयार मिड-ड्राइव्ह सायकलची किंमत ऐकून तो विषय तिथेच संपला. माझी जुनी लोखंडी फ्रेमची गिअरची सायकल होती, तिलाच किट लावायचं ठरलं. ते हबच्या किटपेक्षा दुपटीहून महाग, हे घरी जरा हळूच सांगितलं.

किट मागवण्याआधी बीबीची नळी मोजणं सगळ्यात गरजेचं. रुंदी ६८ मिलिमीटर आणि आतून आटे असलेली असेल तर बहुतेक किट बसतात. काही सायकलींना दोन्ही क्रँक (ज्यांच्या टोकाला पायडल असतात ते हात) मिळून एकच वाकवलेला दांडा असतो, त्यांची नळी मोठी आणि बिनआट्याची. तिथे हे किट सरळ बसत नाही. माझी ६८ भरली. बीबी काढायला काकांना अर्धी सकाळ लागली. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या वर्षांच्या गंजाला ते माहीत नव्हतं. रॉकेल, मग हातोडी, मग लांब पाइप लावून पाना, तेव्हा कुठे सुटला.

मोटर बसल्यावर खरी कटकट कळली. पुढची तीन चेन व्हील जाऊन एकच राहिलं, आणि ते मोटरमुळे थोडं बाहेर सरकलं. मागचा सगळ्यात मोठा दातेरी चकता मात्र आत, आऱ्यांना लागून. म्हणजे चढाला जो गिअर मी सर्वाधिक वापरणार, त्यातच चेन सगळ्यात तिरपी. काकांनी एका बाजूच्या वॉशर काढून-घालून चेन व्हील जमेल तेवढं आत घेतलं आणि मागे १४ ते ३४ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील टाकलं. चेन अजून तिरपी आहे, पण कुरकुरत नाही. मोटर धरून ठेवणारा गोल नट सुरुवातीला ढिला होतो, तो तपासून पुन्हा आवळावा लागला. मोटर खाली लोंबते, त्यामुळे मोठ्या गतिरोधकावर आणि शाळेच्या पायवाटेवरच्या दगडांवर जपून जावं लागतं.

आता घाटात मी मागच्या मोठ्या चकत्यावर, मिनिटाला सत्तरएक फेऱ्यांनी पाय मारत ताशी दहा-अकराच्या वेगाने जाते. हा वेग कुणाला कमी वाटेल. हब मोटरवरही चढाला जवळजवळ एवढाच होता. फरक इतकाच की वर पोचल्यावर मोटरला हात लावला तर ती कोमट असते आणि मला श्वास घ्यायला कठड्यावर बसावं लागत नाही. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तास. जाऊन-येऊन निम्म्यापेक्षा जास्त उरते. येताना मोटर बंदच असते, तेव्हा खर्च होतात ते ब्रेकचे रबर.

पावसाळ्यात चेनचं हाल कुत्रं खात नाही. माझा जोर आणि मोटरचा जोर दोन्ही तिच्यावर, वर घाटातली तांबडी माती. शाळेतली फूटपट्टी इथे कामी आली: चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि बारा इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो का पाहायचं. एक सोळांश इंच पुढे गेला की चेन बदलायची, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते आणि मग दोन्हींचा खर्च. पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना हे करून दाखवलं. पुस्तकातल्या पोळीच्या तुकड्यांपेक्षा त्यांना हे पटकन कळलं, आणि आता चेन मी नाही, तीच मोजतात.

सहकारीण मात्र हबवरच आहे आणि मी तिला बदलायला सांगितलेलं नाही. सपाट रस्ता, ताशी वीसच्या वर वेग, हब मोटर तिथे थंड राहते, चेनवर ताण नाही, सर्व्हिसिंग जवळजवळ शून्य. तिने चेन कधी मोजलीच नाही, तिला गरजही नाही. माझ्या मोटरीतला नायलॉनचा गिअर कधीतरी झिजणारच, साताऱ्यात तो मिळत नाही. एक जास्तीचा मागवून कपाटात ठेवलाय. दप्तरात चेन जोडायची कडी, पक्कड आणि एक जुनं फडकं असतं. चेन अजून वाटेत तुटलेली नाही, पण घाटात मोबाइलला सगळीकडे रेंज नाही.