गाळ, बाबा आणि भुवई बदकं

ऑक्टोबरच्या शेवटी नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चाललोय म्हटलं की पक्षीवाली मंडळी एकच वाक्य तोंडावर मारतात, "आत्ता काय आहे तिथे, डिसेंबरात जा." माझं मत विचाराल तर उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत रविवारी पक्षी बघायच्या मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि निफाडची थंडी! राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून दरवर्षी निफाडचं नाव पेपरात येतं ते काय उगाच नाही. त्यापेक्षा पाऊस नुकताच उघडलाय, काठावर सगळं हिरवंगार आहे, बदकं एकेक थवा करून उतरतायत, आणि बघायला आपण चार टाळकी, हे मला फार आवडतं. ऊन चावतं ते खरं. त्याबद्दल पुढे रडणार आहेच.

या वेळी सोबत सासरे होते. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, नोकरीतली बरीच वर्षं कोपरगावकडे कालव्यांवर गेली. त्यांना पक्ष्यांत काडीचा रस नाही. ते आले ते तिथला बंधारा बघायला. नवरा ऐन वेळी ऑफिसच्या कामात अडकला आणि डोंबिवलीहून निघाली सासरे-सूनेची जोडी, गाडीत सहाशे एमएमची भाड्याची लेन्स, तिचं डिपॉझिट ऐकून बाबा कल्याण येईपर्यंत गप्प होते.

नाशिकचा दिवस मिसळ आणि नातेवाईक यात संपला. हॉटेलबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं पण बोलतेच. रात्री रिसेप्शनवर दोनदा सांगितलं, पहाटे साडेचारला निघणार, पार्सल नाश्ता द्या, "हो मॅडम, होऊन जाईल." साडेचारला खाली आले तर लॉबीत अंधार, सोफ्यावर एक मुलगा डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला, शटर बंद. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं, बाबांच्या नाही आलं. नाश्ता मिळाला नाहीच, वर "तुम्ही सांगितलं नव्हतं" हे ऐकून घेतलं.

रस्ता चांगला आहे, संभाजीनगर रोडने चांदोरी, पुढे निफाडची वाट. उजाडता उजाडता दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसायला लागतात, ऑक्टोबर छाटणी झालेल्या, त्यामुळे नुसत्या काड्या आणि तारा, आणि इतक्या सकाळी ट्रॅक्टरवरचे ब्लोअर घुं घुं करत फवारणीला लागलेले. काचा वर करा म्हटलं तर बाबा म्हणाले, "राहू दे गं, हे सगळं कालव्याचं पाणी आहे." फवारणीचा वास आणि कालव्याचं पाणी यांचा संबंध मला तरी लागला नाही. पण तिथून जे व्याख्यान सुरू झालं ते थेट चापडगावच्या मनोऱ्यापर्यंत.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांनी 1907 ते 1913 या काळात हा बंधारा बांधला. इथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि येवला, कोपरगाव, राहात्याकडे पाणी नेतात, तिकडचा ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले ते या पाण्यावर. पावसाळ्यात "नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग" ही बातमी आपण सगळे वाचतो ना, तेच हे. गंगापूर, दारणा वगैरे वरच्या धरणांचं पाणी इथूनच पुढे मराठवाड्यात जातं. मी हे पहिल्यांदाच नीट ऐकत होते. मला हे ठिकाण फक्त 1986 चं अभयारण्य आणि 2020 च्या जानेवारीत जाहीर झालेली महाराष्ट्राची पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, एवढंच माहीत.

तिकीट काढलं, गाइड घेतला. गाइड घ्याच. गावातलाच विशी-बावीशीतला पोरगा, खांद्यावर स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची मोठी दुर्बीण), पायात चपला. दुर्बिणीतून मला जो तपकिरी ठिपका दिसत होता त्याकडे नुसतं बघून म्हणाला, "ताई, भुवई बदक. झोपलंय." स्कोप लावला तर खरंच, वीस-पंचवीस भुवई बदकं, चोच पिसांत खुपसून. ही बदकं सगळ्यात लवकर येणाऱ्यांतली. आत्ता बघाल तर नर-मादी सगळे सारखेच मळकट तपकिरी, कारण नरांनी पिसं टाकलेली असतात आणि ती ठसठशीत पांढरी भुवई यायला अजून दोन-तीन महिने आहेत. डिसेंबरवाल्यांची हीच तर तक्रार, की ऑक्टोबरात फोटोत रंग नाही. अरे पण सायबेरिया-मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेला प्राणी झोपलाय, झोपू द्या की! नर ओळखायचाच असेल तर तो पंख ताणेपर्यंत थांबा, पंखाचा पुढचा भाग फिकट निळा-राखी दिसला की नर. आम्ही थांबलो. एकाने ताणला. माझा फोटो काय आला नाही, पण दिसला.

तेवढ्यात वर एक ग्रुप आला, सगळ्यांच्या अंगावर जंगलछाप कपडे, माझ्या लेन्सपेक्षा मोठ्या लेन्स. पाच मिनिटं पण झाली नाहीत आणि एकाने दोन हात तोंडाशी नेऊन हुर्र केलं आणि वर टाळ्या वाजवल्या, का तर फ्लाइट शॉट, उडत्या पक्ष्यांचा फोटो, पाहिजे. गाइड पोरगा त्याच्यापेक्षा निम्म्या वयाचा, पण सरळ जाऊन म्हणाला, "काका, असं नाय करायचं, खाली उतरा." काका उतरले नाहीत पण गप्प झाले. मला मात्र ते इतकं लागलं की पुढची दहा मिनिटं मी मनातल्या मनात त्यांना ऐकवायची वाक्यं जुळवत होते, आणि ती जुळेपर्यंत ते गेले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. मनोऱ्यावरून बाबांनी पूर्ण पाणथळीवर नजर फिरवली. मध्ये मध्ये बेटं, त्यावर गवत, पाणकणीस, कडेने जलपर्णीचे हिरवे पट्टे, लांब पायांचे शेकाटे पक्षी गुडघाभर पाण्यात चालतायत. मी म्हटलं, "काय सुंदर आहे ना बाबा?" तर म्हणाले, "सुंदर काय? गाळ आहे हा. अर्ध्याच्या वर साठा गेला असेल याच्यात. आमच्या दृष्टीने ही फेल केस."

गाइड हसला. म्हणाला, "बाबा, गाळ हाये म्हणून तर पक्षी हायेत."

आणि मग त्या दोघांची जी जुंपली! पोरग्याने स्कोप फिरवून बाबांना एकेक दाखवायला सुरुवात केली. ही थापट्या बदकं बघा, फावड्यासारखी चोच, पाण्याच्या वरच्या थरातून गाळून खातात. ही हळदी-कुंकू बदकं, ढुंगण वर करून मान खाली घालतात, म्हणजे मान पुरेल इतकंच खोल पाणी पाहिजे. हे शेकाटे, पाय लांब म्हणून आत. ते तुतवार, पाय आखूड म्हणून कडेला चिखलात. दोन नद्या मिळाल्या, बंधाऱ्याने पाणी थांबवलं, वेग मोडला, गाळ बसला, त्याची ही पायरी-पायरीची उथळ जागा झाली. खोल धरणात यातलं कोण येणार? बाबा मन लावून ऐकत होते, त्यांना हे गणित पटतंय ते चेहऱ्यावर दिसत होतं, कारण खोली, वेग, पातळी ही त्यांचीच भाषा. त्यांनी विचारलं, "आवर्तन सुटल्यावर, म्हणजे कालव्यांना पाणी सोडल्यावर, काय होतं?" पोरगा म्हणाला, "पाणी उतरलं का चिखल उघडा पडतो, मग चिखले पक्षी येतात. परत भरलं का उठले." बाबांनी "हं" केलं आणि स्कोप स्वतःकडे ओढला.

तेवढ्यात एक मार्श हॅरियर, पाणथळीवरचा शिकारी पक्षी, आली, पंख व्ही करून, पाणकणसावरून अगदी खालून तरंगत. समोर शे-दीडशे वारकरी बदकं पसरलेली होती (बदकं नव्हेत, पण गावात बदकंच म्हणतात). ती एकमेकांच्या दिशेने पळत सुटली, पाण्यावर पाय आपटत, आणि बघता बघता एक काळा घट्ट गोळा झाला, मध्ये बोट शिरणार नाही असा. हॅरियरने वरून दोन घिरट्या घातल्या. गोळ्यातनं नुसतं पाणी उडत होतं. सुटा कोणी सापडेना, गेली. बाबा स्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, "अरे! एकसुद्धा मागे राहिला नाही." कॅमेरा माझ्या गळ्यात तसाच.

माझे बरे फोटो आले ते नंतर, खाली काठावर. मनोऱ्यावरून नुसत्या पाठी येतात, काय उपयोग. खाली बसकण मारून बसले तर पंधरा-वीस फुटांवर जलपर्णीतून एक जांभळी पाणकोंबडी निघाली. हिचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण ही काय करत होती बघा. पाणकणसाचा एक दांडा चोचीने बुडाशी उपटला, मग उजव्या पायाच्या लांबलचक बोटांत धरला, उभा, आणि चोचीने साल सोलून आतला पांढरा गर खायला लागली, गुऱ्हाळावर पोरं ऊस खातात तशी. चोथा बाजूला. मग पुढचा दांडा. पाठीमागे दोन राखाडी पिल्लं, आता आकाराने मोठी झालेली, ती फेकलेली सालं उचलून बघत होती. जवळच कमळपक्षी, पावसाळ्यातली लांब शेपटी गळून गेलेला, ओळखूच येईना. मी लोळून, ढोपरं चिखलात घालून फोटो काढले. सगळे बरे आले, पांढऱ्या बगळ्याचे सोडून. गडद पाण्यावर बगळा घेताना एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एखादा स्टॉप (एक पायरी) खाली घ्यावाच लागतो, नाहीतर पिसं जळून कागद होतात.

साडेनऊनंतर खेळ खलास. पाण्यावरून वाफा उठायला लागतात, लांबचं काहीही शार्प येत नाही, लेन्स कितीही महाग असो. त्यात ते ऊन, टोपी घालून मान भाजली. भाडं पूर्ण दिवसाचं, प्रकाश तीन तासांचा.

जेवण गाइडच्याच ओळखीच्या घरी. मावशींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माशांचं कालवण केलं होतं, गोड्या पाण्यातले काटेरी मासे, मी दोन घास खाऊन हळूच पिठल्याकडे वळले. पैसे किती विचारलं तर "द्या तुम्हाला वाटतील ते." हे मला कधीच जमत नाही, कमी दिले की काय ही टोचणी घरी येईपर्यंत राहते.

जेवताना परत गाळ निघाला. पोरगा जरा गंभीर होऊन म्हणाला, त्याचा मामा चांदोरीला राहतो आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये मामाच्या घरात पाणी शिरलं होतं, सायखेडा-चांदोरीत दोन्हीकडे. तिथली माणसं म्हणतात खाली नांदूरला गाळ साचलाय म्हणून पाणी मागे फुगतं, गाळ काढा. "मामा भेटला का मला शिव्याच देतो, म्हणतो तुझ्या बदकांपायी आम्ही बुडतो." बाबांची कळी खुलली, म्हणाले बघ, मी काय सांगत होतो. मग थोडं थांबून स्वतःच म्हणाले, "सगळा नको. प्रवाहापुरता काढायचा, आणि मार्चनंतर, तुझे पाहुणे परत गेले की."

"बाबा, उन्हाळ्यात त्याच चिखलावर टिटव्या अंडी घालतात. आन् पावसाळ्यात पाणकोंबड्या."

बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग तूच सांग, कधी काढायचा?"

पोरगा मावशींकडे बघून म्हणाला, "अजून एक भाकरी दे त्यांना."