वसईच्या गोन्सालोंच्या वाटेने नागासाकीला

जपानमधील अकरा दिवसांपैकी पहिल्या आठ दिवसांविषयी मला फारसे लिहायचे नाही. टोकियो, फुजी पर्वत, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा आम्ही गटाबरोबर ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे पाहिले, जेवणाची आबाळ झाली नाही आणि हॉटेले स्वच्छ होती. मी मात्र नागासाकीसाठी घराबाहेर पडले होते. ज्या पर्यटन कंपनीकडे आम्ही सहा महिने आधी पैसे भरले होते, तिने निघायला दहा दिवस उरले असताना नागासाकी कार्यक्रमातून वगळल्याचे फोनवर कळवले. तिथे जायला पुरेशी माणसे उत्सुक नाहीत, असे कारण देण्यात आले. त्या फोनचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वसईतल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला जपान म्हटले की आधी नागासाकीच आठवते. शेवटी हिरोशिमाला आम्ही दोघांनी गटाचा निरोप घेतला आणि उरलेले तीन दिवस स्वतःच्या हिमतीवर काढायचे ठरवले.

हाकाताहून नागासाकीला जाताना ताकेओ-ओन्सेन या स्थानकावर गाडी बदलावी लागते. नवी गाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला उभी असते आणि चार पावले चालून सगळे प्रवासी मुकाट्याने पलीकडच्या डब्यात जाऊन बसतात. सामान सांभाळत त्या गर्दीबरोबर सरकताना माझ्या मनात एकच विचार होता, की हा मार्ग आमच्या गोन्सालोंनी भर हिवाळ्यात, बांधलेल्या हातांनी काढला होता.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की धर्मोपदेशाच्या कामात त्यांचा मोठा आधार झाला. जेझुइट संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला, मग मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषाचे काम गोन्सालोंकडे होते. १५९६च्या डिसेंबरात त्याच हिदेयोशीच्या हुकमावरून त्यांना पकडण्यात आले, क्योतोत डाव्या कानाची पाळी कापून शहरातून धिंड काढण्यात आली आणि सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला आणून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकाच्या टेकडीवर पंचवीस जणांसह क्रुसावर देण्यात आले. त्या सव्वीस जणांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर.

निशिझाका नागासाकी स्थानकापासून पायी पाच मिनिटांवर आहे. चढ मात्र गुडघ्यांना जाणवणारा आहे. वर मोकळे पटांगण, त्याच्या कडेला १९६२ साली उघडलेले हुतात्म्यांचे संग्रहालय आणि समोर मूर्तिकार फुनाकोशी यांनी घडवलेले ब्राँझचे लांबलचक शिल्प आहे. सव्वीस माणसे एका रांगेत उभी आहेत. मी क्रूस शोधत होते, पण शिल्पात क्रूस नाहीत. बहुतेकांचे हात जोडलेले, तोंडे प्रार्थनेत किंचित उघडलेली. मग नजर पायांकडे गेली. पावले जमिनीला टेकलेली नाहीत, बोटे खाली ओघळलेली आहेत, जणू सगळी माणसे नुकतीच जमिनीपासून वर उचलली गेली आहेत. मध्येच तीन आकृत्या खुज्या दिसतात, ती बारा, तेरा आणि चौदा वर्षांची मुले आहेत. मी शाळेत शिकवत असे, त्यामुळे सातवी-आठवीच्या मुलांची उंची माझ्या डोळ्यांना नेमकी ठाऊक आहे. त्या तिघांसमोर मला फार वेळ उभे राहवले नाही.

इतक्या लांबून येऊनही रांगेतले गोन्सालो कोणते हे मला ओळखता येईना. संग्रहालयातल्या एका बाईंना वसईतून आणलेले प्रार्थनेचे चित्र दाखवले, तेव्हा त्या हातातले काम टाकून माझ्याबरोबर उन्हात आल्या, त्या आकृतीसमोर मला उभे केले आणि दोन पावले मागे सरून थांबल्या. त्यांनी फोटो काढू का असे विचारले नाही, वेळ पाहिली नाही. पाहुण्याला एकटे सोडण्याचे हे सौजन्य मला जपानच्या साऱ्या आतिथ्यात सर्वांत मोलाचे वाटले.

तिथे उभी असताना मला एक गोष्ट टोचू लागली. गेली बावीस वर्षे मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या परिसरातल्या समुदायात, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते आणि दर फेब्रुवारीत गोन्सालोंची गोष्ट सांगते. ती गोष्ट मी नेहमी कानाच्या पाळीपासून सुरू करते आणि क्रुसापाशी संपवते. परक्या देशाची भाषा शिकण्यात त्यांनी घातलेली वर्षे, क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी चालवलेली इस्पितळे, धर्मगुरू नसतानाही मिशनचा सारा व्यवहार ज्याच्या जिभेवर चालतो अशा माणसावरची जबाबदारी, यांतले काहीही मी मुलांना कधी सांगितले नाही. आपण वसईकरांनी त्यांचे मरण उराशी धरले आणि त्यांचे काम विसरलो, अशी माझी तक्रार आहे आणि त्या तक्रारीत मी स्वतः पहिली आहे. पोर्तुगीज ‘इर्मांव’ म्हणजे ब्रदर, त्याचे जपान्यांनी ‘इरुमान’ केले होते. फादर नव्हे, इरुमान. गोन्सालो शेवटपर्यंत इरुमानच राहिले.

दुसऱ्या दिवशी ओउराचे कॅथीड्रल पाहिले. हे चर्च १८६४ साली बांधून झाले, ते परदेशी रहिवाशांसाठी होते आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेले आहे. आत शाळकरी मुलांचे आणि सहलींचे थवे होते, बाकावर बसून डोळे मिटले तरी ध्वनिमुद्रित माहिती कानावर येत राहिली. पण उजव्या बाजूच्या छोट्या वेदीवर पवित्र मारियेची मूर्ती आहे आणि तिच्यासमोर गर्दी आपोआप निवते.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातून दहा-पंधरा माणसे इथे आली. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर १६१४ पासून बंदी होती, तिला तेव्हा अडीचशे वर्षे होऊन गेली होती. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ वेदीपुढे प्रार्थना करत असताना एका बाईने जवळ येऊन हळू आवाजात सांगितले, की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे, आणि मग विचारले, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे? ही घटना मला आधीपासून माहीत होती. मात्र ती सगळीकडे चमत्कार म्हणून सांगतात, आणि ते पुरेसे नाही, असे मला तिथे तीव्रपणे वाटले. एकही धर्मगुरू नसताना सात पिढ्या श्रद्धा टिकली, यामागे अत्यंत शिस्तीने बांधलेली व्यवस्था होती. गावात एक ‘चोकाता’ असे, तो पंचांग सांभाळी. नाताळ केव्हा, उपवास केव्हा, ईस्टर केव्हा हे तो मोजून सांगे. प्रत्येक वाडीत एक ‘मिझुकाता’ असे, मिझु म्हणजे पाणी, तो बाळांना स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, देई. त्याच्या हाताखालचा ‘किकियाकु’ हे निरोप घरोघर पोहोचवी. हे सारे शेतकरी आणि कोळी होते. उराकामीचे सातवे चोकाता किचिझो धरपकडीत सापडले आणि तुरुंगातच वारले, पेतिजाँ यांच्यासमोर ती बाई उभी राहिली त्याच्या काही वर्षे आधी.

धर्मगुरू नाही म्हणजे ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदन नाही. ती उणीव ‘कोंचिरिसान’ने भरून काढली जाई, म्हणजे मनापासूनच्या पश्चात्तापाची प्रार्थना. हा शब्दही पोर्तुगीज आहे. प्रार्थनेला ‘ओराशो’, क्रुसाला ‘कुरुसु’. आपल्या ‘पाव’ला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो, तो त्याच जहाजांतून तिकडे उतरला. वसईत आज रविवारच्या चार मिस्सांपैकी, म्हणजे चर्चमधल्या उपासनांपैकी, सोयीची कोणती यावर आमच्या घरात चर्चा होते. ते आठवून मला बाकावर बसवेना.

सोतोमेला बसने जायला तासाहून अधिक लागला. समुद्राच्या कडेने जाणारा हा रस्ता वळणावळणाचा आहे, मला मळमळत होते, त्यामुळे त्याच्या सौंदर्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. पण फादर मार्क द रोत्झ यांचे काम पाहायला हा त्रास घ्यावा. फ्रान्समधल्या सधन घराण्यातला हा माणूस १८६८ साली जपानला आला आणि १९१४ साली इथेच वारला, मधल्या काळात मायदेशी परतला नाही. १८७९ पासून सोतोमे हे त्यांचे क्षेत्र होते. त्यांनी १८८२ साली तिथल्या शित्सु गावाचे चर्च बांधले आणि वाऱ्यात टिकावे म्हणून ते बुटके ठेवले. विधवांना आणि गरीब मुलींना हाताला काम मिळावे म्हणून वारशाचा पैसा घालून कारखाना काढला, तिथे सुतापासून मॅकरोनीपर्यंत सगळे तयार होई. शेंगदाण्याच्या तेलाचा हात लावलेल्या त्यांच्या शेवयांना, सोमेनला, तिथले लोक आजही ‘दोरोसामा’ हे नाव लावून विकतात. सामा म्हणजे आपले ‘साहेब’ किंवा ‘महाराज’. मी दोन पुड्या घेतल्या. घरी परतल्यावर आपल्या शेवयांसारख्या दूध-साखरेत शिजवल्या, तर त्या बिघडल्या, त्यांना साधे गार पाणीच हवे असते.

शेवटच्या दिवशी पहाटेच्या मिस्सेला आम्ही उराकामीला गेलो. अंधार होता, थंडी होती. हे कॅथीड्रल ९ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला त्या जागेपासून जेमतेम पाचशे मीटरवर होते. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि आतले भाविक त्याच क्षणी गेले, आणि धर्मग्रामातल्या सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे मरण पावली. आजची इमारत १९५९ची आहे. आत वृद्ध बायकांनी पांढऱ्या ओढण्या डोक्यावर घेतल्या होत्या. प्रार्थनेचा शब्द कळत नव्हता, पण केव्हा उभे राहायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे हे शरीराला ठाऊक होते.

मिस्सा संपल्यावर शेजारच्या आजी थांबल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, पाठीत वाकलेल्या, हाताची बोटे गाठाळलेली. मोबाइलच्या भाषांतरावर आमचे बोलणे सुरू झाले. इंडो, म्हणजे भारत, एवढे मी तोंडाने सांगितले आणि गोन्सालोंचे चित्र पुढे केले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाजवळ नेले आणि ‘गारुशिया-सामा’ म्हणाल्या. मग फोनमध्ये बराच वेळ बोलल्या. पडद्यावर मराठीत उमटले, ‘माझ्या पणजोबांचे घर प्रवासाला गेले होते. दोघे परत आले नाहीत.’

मला वाटले, एखादा अपघात असावा. मी कुठे गेले होते असे विचारले. आजींनी मान हलवली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, ‘ताबी’. शेवटी त्यांची सून पुढे आली आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. १८६७ साली उराकामीच्या लोकांनी बौद्ध भिक्षूंना न बोलावता आपले मृत पुरले, म्हणून धरपकड सुरू झाली आणि पुढे सरकारने गावच्या गाव उठवले. तीन हजार तीनशे चौऱ्याण्णव माणसांना वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार केले, उपाशी ठेवले, धर्म सोडा म्हणून छळले. सहाशेहून अधिक माणसे तिथेच मेली. १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले. त्या हद्दपारीला उराकामीची माणसे तुरुंगवास म्हणत नाहीत, छळ म्हणत नाहीत. ताबी म्हणतात. ताबी म्हणजे प्रवास.

परतलेल्यांकडे अंगावरच्या चिंध्यांखेरीज काही नव्हते. १८७४ साली साथ आली, तेव्हा इवानागा माकी या हद्दपारीतून आलेल्या तरुणीने द रोत्झ यांच्याबरोबर रोग्यांची शुश्रूषा केली आणि अनाथ मुले सांभाळली, त्यातून पुढे स्त्रियांचा व्रतस्थ संघ उभा राहिला. ज्या पाटलाच्या वाड्यात आपण ख्रिस्ती नाही हे दाखवण्यासाठी दरवर्षी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत, त्याच वाड्याची जागा गावाने विकत घेतली आणि तिथे हे कॅथीड्रल बांधले. १९२७ साली नागासाकीला जानुआरिउस हायासाका हे पहिले जपानी बिशप मिळाले, त्यांचा दीक्षाविधी रोममध्ये खुद्द पोपनी केला. तोवर हा धर्म कोणी राखला होता, ते माझ्यासमोर पांढरी ओढणी घडी करत उभे होते.

आमच्या गाडीला तास उरला होता. आजींनी गोन्सालोंचे चित्र परत देऊ केले, मी त्यांनाच ठेवायला सांगितले. त्यांनी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात, जिथे कडा झिजून मऊ झाल्या होत्या त्या पानात ठेवले. पायऱ्यांपर्यंत सोडायला आल्या, वाकल्या, मीही वाकले. मग त्या काहीतरी म्हणाल्या. या वेळी मला मोबाइल काढावा लागला नाही, त्यातला मधला शब्द मला समजला होता.

‘योइ ताबी ओ.’